बावीस बाय दहा

खसखशीच्या शेताला लागून आमची धावपट्टी:
दीडशे पावलं कापलेलं गवत,
खांबावर वाऱ्याची फाटकी पिशवी,
आणि एक बाक, ज्याचा डावा पाय दर हिवाळ्यात खचतो.
मोरावियातलं हे गाव नकाशात शोधू नका,
आवाजावरून सापडायचं ते.
सापडायचं. आता नाही.

गावच्या कचेरीतून पत्र आलं:
नव्या घरांतल्या लोकांना शनिवारची झोप हवी आहे,
पंचवीस मीटरवर इतके डेसिबल,
त्यापुढे मैदान बंद.

ओताकारचा जन्म गेला दूध डेअरीच्या बॉयलरपाशी,
आवाजाचं त्याला सांगू नये कुणी.
"इंजिन नाही ओरडत," तो म्हणाला,
"ओरडतं पात्याचं टोक.
फेरे कमी करा, घास मोठा करा."

मग चालू झाली ती जुळवाजुळव.
पिवळ्या विमानाच्या शेपटीला दोरी,
दोरीला मासे तोलायचा काटा,
काटा कुंपणाच्या खांबाला,
आणि समोर वाकून लुबोर, हातात फेरे मोजायचं यंत्र,
टाय शर्टात खोचलेला,
कारण एकदा याच इंजिननं त्याची टोपी खाल्ली होती.

चोवीस बाय आठ:
जागेवर गुणी, पण विमानानं नाक खाली घातलं
की इंजिन सुटलंच, दावं तुटल्यासारखं.
चोवीस बाय बारा:
बिचाऱ्याला धाप.
सिलिंडरवर थुंकी टाकली तर चर्र.
तीन पात्यांचा होता एक, देखणा,
लग्नात मिरवावा असा;
काटा चौदा किलोंच्या पुढे हलेना.

छत्तीस गुण कुठेच जुळत नाहीत.
इंजिनाला झेपेल त्याहून
किंचित कमीच मागावं पात्यानं,
एवढं कळायला आम्हांला दोन डबे पेट्रोल लागलं
आणि ओताकारच्या अंगठ्याचं नख.

चोवीस बाय दहा. फेरे सहा हजार शंभर.
विमान वर गेलं
आणि पहिल्यांदाच, उडत्या विमानाखाली,
आम्हांला चंडोल ऐकू आला.
त्या दिवशी बिअर लुबोरकडून.

चौथ्या शनिवारी शेवटच्या घरातली हेडविका
सायकल ढकलत आली.
आम्ही पत्र शोधू लागलो, आकडे दाखवायला.

"उडवत नाही का हल्ली?"
उडवतो की.
"मग ह्याला का नाही पोचत?"

चाळीस वर्षं दगडाच्या खाणीत तिचा नवरा,
सुरुंगांनी कान नेले.
"चमचा पडू दे, दार आपटू दे,
मी शेजारी बसून हाका मारीन, शुकशुकाट.
तुमचं ते पिवळं तेवढं आत जायचं.
बोट वर करायचा. म्हणायचा, आलं.
आता अंगणात बसतो, दोन वाजल्यापासून.
मला विचारतो, मेले का ते सगळे?"

कुणी काही बोललं नाही.
खसखशीची बोंडं वाऱ्यावर वाजली, तीही ऐकू आली.

ओताकार गाडीशी गेला.
डिकीत, जुन्या घोंगडीत, बावीस बाय दहा,
टोकं खड्यांनी कुरतडलेली.
बाहीला पुसला.
सहा बोल्ट, समोरासमोर आवळत,
एक इकडचा, एक तिकडचा.
पत्र लुबोरच्या खिशात होतं,
त्यानं खिशाचं बटण लावलं.

"दहा मिनिटं द्या," हेडविका म्हणाली,
"त्याला स्वेटर घालून बाहेर आणते,"
आणि सायकलवर बसली.

मी शेपूट धरून गवतात गुडघे टेकलेत.
ओताकार घड्याळ बघतोय.
सात झाली.