तेविसावा निबंध

जानेवारीत लश्करमध्ये धुकं असं उतरतं
की समोरच्या घराची पायरीसुद्धा
ऐकीव गोष्ट वाटते.
शाळांना थंडीची सुट्टी. माझ्या पलंगावर
रजईच्या घडीत एक्केचाळीस निबंध.
विषय : नागरी हक्कांचा इतिहास.
शब्दमर्यादा आठशे. संदर्भ आवश्यक.

अडतीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
मी दुसऱ्यांची बिलं तपासली.
म्हणून मंडळानं मला परीक्षक केलं असावं,
किंवा दौलतगंजात मराठी वाचणारे
आता मोजकेच उरलेत म्हणून.

पहिले बावीस एकाच वाक्यानं सुरू झाले.
चुकासुद्धा एकाच जागी.
'स्वातंत्र्य'मधला य कुणीतरी गाळला,
ती चूक पुढं सात जणांकडं गेली
वारसाहक्कासारखी.

तेविसावा वहीच्या फाडलेल्या पानावर.
मोजले : दोनशे बारा शब्द.

'माझ्या आईची आत्या एक्कावन्न साली चौथीत होती.
कायदा आदल्या वर्षीच झाला होता,
तिचं गोणपाट दाराबाहेरच होतं.
मग ती ते रोज एक फरशी आत सरकवू लागली.
अकराव्या फरशीवर मास्तरांनी पाहिलं.
बोलले नाहीत. छडीच्या टोकानं
गोणपाट परत दाराशी नेलं.
दुसऱ्या दिवशी तिनं पहिलीपासून धरलं.
बाकापर्यंत एकतीस फरश्या होत्या.
दिवाळीनंतर पोचली.
पोचल्यावर काय झालं, असं मी विचारलं,
तर म्हणाली, गणिताचा तास होता.'

खाली, नियमाप्रमाणे, संदर्भ :
वेणूबाई ढवळे, वय त्र्याऐंशी, ठाटीपूर.
चारनंतर भेटतात, त्याआधी झोपलेल्या असतात.

सबनीसबाई फोनवर म्हणाल्या,
ही आठवण झाली हो, इतिहास नव्हे.
मी हूं म्हटलं.
शाळेचं नाव होतं निबंधात. साल होतं.
त्या साली तिथं मास्तर तिघं.
एक माझे वडील.
त्यांची वेताची छडी, पितळी टोपणाची,
आमच्या कपाटामागं आहे अजून.
मच्छरदाणीची दोरी वर अडकवायला
बरी पडते.

शनिवारी शाळेत गेलो.
ग्वाल्हेरी दगड, पावलांनी मधे खोलगट झालेला.
दारापासून मोजत निघालो. एकोणतीस.
परत मोजल्या. एकोणतीस.
शिपाई कोपऱ्यातल्या शेगडीवरून म्हणाला,
'बाबूजी, कछू गिर गओ का?'
म्हटलं, दो फर्शी कम हैं.
तो हसला. भिंतीलगतच्या चौथऱ्याकडं बोट केलं,
हा नंतर बांधला, म्हणाला, माझ्या बापाच्या वेळी.
टेकून, वाकून, काडी पेटवून
मी चौथऱ्याच्या फटीतून पाहिलं.
होत्या. दोन्ही.

ताळा जमला म्हणजे हलकं वाटायचं मला
सगळ्या नोकरीभर.

बक्षिसं त्याच खोलीत.
पहिलं त्या आठशे शब्दांना, दुसरंही.
तेविसाव्याला उत्तेजनार्थ, स्टीलचा डबा.
त्यासाठीसुद्धा मला सबनीसबाईंशी
दोन कप चहाइतकं भांडावं लागलं,
आणि छडीचं
मी त्यांना सांगितलं नाही.

मुलीचं नाव तेव्हा कळलं, ऋचिता.
बरोबर म्हातारी, पुरुषी स्वेटर, काठी.
दारात थांबली.
सगळ्यांना वाटलं, दम लागला.
मी पहिल्या रांगेतून मान वळवून बघत होतो.
ती खाली बघत होती, ओठ हलत होते.
मग सावकाश आत आली,
दगडावर दगड,
आणि एका जागी, पोरीचा हात घट्ट धरून,
या वयात,
एक फरशी ओलांडून गेली.

कितवी, ते मी मोजलं होतं.

टाळ्या चालू होत्या.
माझ्या कोटाच्या खिशात
हिरवी पेन्सिल होती, कचेरीतली, तपासल्याच्या खुणेची.
बोटांनी ती चाचपत राहिलो.
खूण कुठं करायची, कळेना.