फुटाला एक सूत

एक्क्याण्णव साली उद्यमनगरच्या आसपास
चित्र काढू शकणारी तीनच यंत्रं आम्हाला ठाऊक होती.
तिन्हींची परीक्षा घेतली एकाच वस्तूवर:
आबांनी केलेला पंपाचा इंपेलर,
सहा पात्यांचा, सागवानी,
चपड्याचं पॉलिश अजून बोटाला चिकटणारं.

पहिलं आदगोंडा मगदूमचं स्पेक्ट्रम.
कळा खोडरबरासारख्या, मेमरी अठ्ठेचाळीस के.
प्रोग्रॅम कॅसेटवरून चढायचा, किंचाळत,
आणि मगदूमकाकू आतून ओरडायच्या,
आधी त्या डब्याला पाणी पाजा रे.
अकरा मिनिटांत त्यानं उभा केला
पात्यांचा काडी-काडी सांगाडा.
रंग भरायला जावं तर लाल
शेजारच्या निळ्यात सांडायचा,
रंगपंचमीला गल्लीत सांडतो तसा.

दुसरा शाहूपुरीतल्या खोत ऑडिटरांचा पीसी,
रात्री आठनंतर, चपला बाहेर काढून.
रंग एकच, हळदीचा.
पण रेषा! सुईत ओवावी अशी.
चार मिनिटं लागली.
गणिताची वेगळी चिप घ्या, म्हणाला डीलर,
किंमत सांगितली,
आम्ही चहा संपवून उठलो.

तिसरं अमिगा,
शौकत मुजावरच्या भावानं मस्कतहून आणलेलं
ब्लँकेटात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं.
चार हजार शहाण्णव रंग.
सांगाडा चाळीस सेकंदांत,
आणि तो फिरायचासुद्धा,
अडखळत, जत्रेतल्या जुन्या पाळण्यासारखा.

फाउंड्रीच्या चलनामागं मी तक्ता आखला.
वेळ, रंग, मेमरी, रेषा.
शौकत म्हणाला अमिगा. मी म्हणाले पीसी,
रेष खरी तर सगळं खरं.
मिसळीवर भांडलो, कट पुन्हा मागवला,
आणि आठ दिवस बोललो नाही.

सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, आबा आले बघायला.
खिशातून कॅलिपर काढला
आणि सरळ काचेला लावला.
ह्यो गोल हाय का अंडं?
एकाचा उभट निघाला, एकाचा बसका,
शौकतचा त्यातल्या त्यात बरा.
मग म्हणाले, मागची पाती फुडं कशी दिसत्यात?
काचंचा हाय का पंप?
मागच्या रेषा लपवायला फार गणित लागतं, आबा.
मग करा की गणित.

जाताना त्यांनी पट्टी दाखवली,
लाकडी, कडेला काळी पडलेली.
माझ्या शाळेच्या पट्टीशेजारी धरली:
फुटाला एक सूत जास्त.
लोखंड थंड होताना आकसतंय, वैजू.
लाकूड खरं बोललं, तर ओतीव खोटं निघतंय.

मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली,
प्रत्येक माप गुणिले सत्त्याण्णव, भागिले शहाण्णव.
पडद्यावर फरक पडला दोन ठिपक्यांचा.
आबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
नाक काचेला लागेपर्यंत वाकले,
आता आलं, म्हणाले.

शेवटी एकदा पूर्ण चित्र करायचं ठरलं,
उजेड, सावली, पितळेची चमक, सगळं.
संध्याकाळी सातला शौकतनं अमिगा लावलं.
ते वरून खाली एकेक ओळ विणत गेलं.
त्याच्या अम्मीनं टेबलफॅन यंत्राकडं वळवला,
आम्ही घामात.
मध्यरात्री दोन पाती झाली.
साडेतीनला चौथं,
तेव्हा शौकतनं भावाचा कॅमेरा काढून
पडद्याचा फोटो घेतला, का कोण जाणे.
चार वाजून दहा मिनिटांनी अख्खी पेठ काळी.

आता गोकुळ शिरगावच्या ऑफिसात
माझं यंत्र आकसवाढ आपली आपण धरतं.
विचारतसुद्धा नाही.

तो फोटो आबांनी शेडमध्ये लावला,
बँडसॉच्या वर, खिळ्याला,
भुशानं दर आठवड्याला पिवळा होणारा.
वर चार पाती लखलखीत, खाली अंधार.
गिऱ्हाईक विचारतं,
मिस्त्री, ह्ये अर्धंच का?
आबा रंधा न थांबवता सांगतात,
लाईट गेली.