आकडा

कॅसलफर्डच्या शाळेत, शनिवारी सकाळी,
तंत्रज्ञान शिकवणारे आम्ही अकरा जण
भुशाचा वास असलेल्या वर्कशॉपमध्ये
मुलांच्या स्टुलांवर कोट न काढता बसलो.
शनिवारी हीटिंग बंद असतं,
हे सांगताना केअरटेकर ओशाळला,
विषय ऊर्जा आहे कळल्यावर हसला.

प्रशिक्षक क्लिफ होलरॉइड.
इथल्याच खाणीत इलेक्ट्रिशियन होता.
खाण बुजवली, वर गोदाम आलं.
"तेव्हा खाली दिवे लावायचो, आता वर डबे वाटतो,"
म्हणत त्याने प्रत्येकापुढे
एकेक निळा डबा सरकवला.
आत: जनित्राची मूठ, दोन दिवे,
प्लगमध्ये खोचायचा मीटर,
पस्तीस कार्यपत्रिका, उत्तरांसकट.

जुन्या दिव्याला मूठ जड जाते, एलईडीला हलकी.
नऊ वर्षं मी हेच शिकवत आले;
हाताला मात्र आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
चाळीस सेकंदांत खांदा बोलायला लागला.

मग किटली.
मीटरवर आकडा चढला: दोन हजार नऊशे ऐंशी.
"किती जणांनी मूठ फिरवली तर ही चालेल?"
कागदावर हिशेब केला. सव्वाशेच्या आसपास,
मध्ये कुणी नाक पुसायलाही थांबायचं नाही.
क्लिफ म्हणाला, "माझ्या पाळीला
तेवढेच उतरायचे."

आकडा.
परळीत वडील औष्णिक केंद्रात, राखेच्या विभागात.
पाळी संपवून यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या,
आणि आमच्या गल्लीत भारनियमन.
दिव्याखाली अंधार, ही आम्हाला म्हण नव्हती, पत्ता होता.
दिवेलागणीला शेजारचा कोंडिबा
काठीला तार बांधून खांबावर आकडा टाकायचा
आणि वडील नेमके तेव्हाच
चपलेचा अंगठा न्याहाळत बसायचे.
आमच्या भाषेत वीज मोजतो तोही आकडा,
चोरतो तोही.

क्लिफला हे समजावलं तर इतका हसला
की कार्यपत्रिका चारवर चहा सांडला.
मग पुसता पुसता म्हणाला,
"संपाच्या हिवाळ्यात आम्ही रात्री
ढिगाऱ्यावरून कोळसा वेचायचो.
आम्हीच काढलेला. त्याला चोरी म्हणायचे."
आणि ओला कागद दिव्याजवळ वाळत घातला.

कार्यपत्रिका अकरा:
घरात वीज वाचवण्याचे पाच उपाय लिहा.
हाच प्रश्न मी गेल्या महिन्यात दिला होता.
आठवीतल्या टीगनने एकच ओळ लिहिली:
कार्ड संपलं की आमचं सगळंच वाचतं.
मी तिला पाचपैकी एक दिला.
वर हिरव्या शाईत: अजून चार?

जिन्याखालच्या कपाटात तिच्या घरचा मीटर.
त्यात आधी पैसे, मग उजेड.
काहीच लावलं नाही तरी रोज थोडं कापलं जातं,
हे त्या पोरीला पाठ आहे;
पस्तीस कार्यपत्रिकांत कुठेच नाही. मी शोधलं.

शेवटी अभिप्रायाचा कागद:
सोमवारी वर्गात काय वेगळं कराल?
चौकट लहान होती. मी पेन फिरवत बसले,
क्लिफ डबे मोजत राहिला.

सोमवारी मीटर टीगनच्या हातात दिला.
तिने खोचला, किटली लावली, आकडा बघितला,
आणि झाकण उघडत म्हणाली,
"मिस, एवढं पाणी कुणासाठी?"
अर्धं ओतून दिलं सिंकमध्ये.
आकडा तेवढाच राहिला, वेळ निम्मा झाला.
शक्ती आणि ऊर्जेतला हा फरक
कार्यपत्रिका सोळामध्ये आहे.
आम्ही अजून तिथवर पोचलेलो नाही.

तिच्या वहीतला तो एक अजून तसाच आहे.
खोडून पाच करावा म्हणून दोनदा वही काढली.
पाच कशाचे द्यायचे, ते ठरत नाही.