दोरा न सोडता

आईच्या अंगठ्यावर रेषा नाहीत.
चाळीस वर्षं विड्या वळताना
तंबाखूतच कुठंतरी सांडल्या.
रेशनच्या मशीनला ती ओळखू येत नाही,
तीनदा दाबून झालं की दुकानदार म्हणतो, उद्या या.

म्हणून मी अंगठा मागितलाच नाही.
युनियनची निवडणूक, अकरा हजार बायका,
साखर पेठेपासून कुंभारीच्या वसाहतीपर्यंत,
मत मोबाईलवर, कुलूपबंद.
प्रोग्राम माझा.

"कुलूप न काढता मोजशील कशी?"
सूप मांडीवरून न हलवता आई.

समज, प्रत्येकीनं पुडीत
एक विडी टाकली, किंवा नाही टाकली,
वर मनाला येईल तेवढी वाळू.
पुडी हातात घेऊन कुणाला काय कळणार?
सगळ्या पुड्या एकदम काट्यावर,
दोरा न सोडता,
मग एकूण वाळू वजा.
तो वाळूचा आकडा पाच जणींत फोडलेला,
तिघी बसल्या तरच जुळतो.

"आणि विडीऐवजी कुणी धोंडा टाकला तर?"

त्यालाही युक्ती आहे, आई.
ती सांगताना मलाच घाम फुटतो.

मग तिनं खरं विचारलं, हळू:
मुकादम म्हणालाय, मत दाखव,
नाहीतर तुझा माल छाटात.
मला दाखवता येईल?

नाही. पुडी काट्यावर चढली एवढं तुला दिसेल,
आत काय, हे देवाची शपथ घेऊनही
कुणाला पटवता येणार नाही.
समोर बसवून दाबायला लावलं तर रात्री परत दे,
शेवटचं तेवढं धरतो.

आई हसली.
"मग त्याला सांगते, तुलाच दिलं."

मोजणीच्या रात्री मुमताजबी दवाखान्यात,
भूदेवी अक्का नातवाच्या बारशाला सिरसिल्ल्याला.
उरल्या तिघी,
त्यातली राजमणी चिलवेरी हरणाऱ्या बाजूची.
तिनं यायचं नाही म्हटलं असतं
तर अकरा हजार मतं नुसती वाळू.

साडेअकराला दारात चप्पल वाजली.
राजमणीनं पदराला हात पुसले,
आपला आकडा घातला,
निकाल बघितला,
आणि पाणी मागितलं.

आईनं कुणाला दिलं, मला माहीत नाही.
मी लिहिलं सगळं, तरी नाही.
सकाळी पंचवीस मोजून कट्टा बांधता बांधता
तिनं एवढंच विचारलं:
"इतकी वाळू, शेवटी टाकली कुठं गं?"