इतर, असल्यास नमूद करा

प्रश्नावली माझीच. अठ्ठेचाळीस प्रश्न,
तीनदा तपासलेले.
प्रश्न अकरा:
घरातल्या माणसाच्या पिण्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला?
आर्थिक, शारीरिक, मानसिक, सामाजिक.
आणि तळाशी, असावी म्हणून ठेवलेली
एक ओळ : इतर, असल्यास नमूद करा.

सातपूरला, अशोकनगरच्या शेवटच्या स्टॉपमागे,
दुसऱ्या मजल्यावर सिंधू गांगुर्डे
गवार मोडत बसल्या होत्या.
पहिली पाळी सुटायला तास होता,
ही वेळ त्यांनीच दिलेली.
विचारत होती निरभवणे, एम.एस.डब्ल्यू. दुसरं वर्ष,
पेन उघडं, मान खाली.
मी मागे, स्टुलावर, सुपरवायझर म्हणून गप्प.

आर्थिक? भिशीचे पैसे. शिलाई मशीन.
मग मशीनचं टेबल.
शारीरिक? त्यांनी एका शेंगेचं देठ खुडलं
आणि म्हणाल्या, पुढचं विचारा.

तेव्हा आतून पोरगी बोलली, नववीतली,
भूमितीच्या वहीवरून मान न उचलता :
"पप्पांच्या चपला ऐकायच्या असतात."

ऐकायच्या म्हणजे?

"एक इथं आणि एक जिन्यात पडली, तर थोडी घेतलीय.
जेवतील, बडबडतील, झोपतील.
दोन्ही भिरकावल्या, तर कंपनीत वाजलंय,
आम्ही शेजारच्या काकूंकडे टीव्ही बघायला जातो.
आणि काहीच आवाज नाही आला,
दोन्ही जोडीनं, भिंतीला लावून,
टाचा एका रेषेत,
तर दप्तर उचलायचं. आईला उठवायचं."

निरभवणेचं पेन थांबलं.

"म्हणजे खूप झालीय, टीचर.
एवढं नीट शुद्धीतलं माणूस ठेवत नाही."

बसमध्ये त्र्यंबक नाक्यापर्यंत ती बोलली नाही.
मग, मॅडम, हे कशात टाकू? कोड काय?
नव्याण्णव, मी म्हणाले. इतर.

एकशे बारा घरं झाली.
रात्री कॉम्प्युटरवर नव्याण्णवांची रांग
बाकी चारांहून लांब निघाली.
परिषदेत माझ्याकडे आठ मिनिटं होती.
नव्याण्णव स्लाइडवर घेतलं नाही.

वर्गात घेते.
दरवर्षी फळ्यावर चपलांचा जोड काढते,
चित्रकला वाईट, पोरं हसतात.
मग सांगते चपला कशाच्या ते.
हसू थांबतं,
आणि आधीपासूनच कोण हसलं नव्हतं
ते मी मनात टिपून ठेवते. कुणाला काही म्हणत नाही.
एखादी तासानंतर रेंगाळते,
फळा पुसू का मॅडम, विचारते.

फॉलो-अपचं मात्र वर्गात अजून सांगितलेलं नाही.

आठ महिन्यांनी, रविवारी.
दार गांगुर्डेंनीच उघडलं, दाढी केलेली,
शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं.
दोनशे एकतीस दिवस,
त्यांनी कॅलेंडर काढून दाखवलं.
चहा त्यांनी केला. साखर जास्त.
सिंधूताई तो पीत होत्या, तोंड न करता.
सगळं हो-नाहीत बसत गेलं,
अकराही बसला.

जिन्यापर्यंत सोडायला आले.
आवाज खाली आणला :
"केंद्रात शिस्त होती ना, चपला ओळीत लावायची.
लागली सवय. घरी येतो, नीट काढतो, आत येतो,
तर पोरगी वही मिटून उभी.
म्हटलं, तोंडाचा वास घे. घेतला तिनं.
नाही येत, म्हणाली.
तरी दप्तर खाली ठेवीना.
परवा मुद्दाम फेकून पाहिल्या,
तर बायको घाबरली.
मॅडम, तुम्ही यातल्या शिकलेल्या.
मी चपला कशा काढू?"

निरभवणेनं माझ्याकडे पाहिलं.
अठ्ठेचाळीसात हा नव्हता.
खाली कुणाची तरी रिक्षा हॉर्न देत होती.
मी वाकून सँडलचा पट्टा लावत राहिले,
लागलेला होता तरी.