बिजली, सकाळी सव्वासहा

विकताना रईसभाई म्हणाला,
नऊ लग्नसराया झाल्यात हिच्या,
एकाही नवरदेवाला पाडलेलं नाही.
कपाळावर आरशांच्या पट्टीचा वण होता.
आणि पाय, उभ्या जागीसुद्धा,
कुठल्यातरी न वाजणाऱ्या बँडसाठी हलत होते.

इंदूरच्या आमच्या गल्लीच्या नावात अजून पागा आहे.
शेवटचा घोडा कधी बांधला होता, कुणालाच आठवत नाही.
दावणीच्या जागी झेरॉक्स, शेजारी उसाचा रस.
म्हणून रोज स्कूटरनं बायपास ओलांडून
सोयाबीनच्या शेताला लागून आखलेल्या रिंगणात,
वीस मीटर, साठ मीटर, कडेनं चुना.
मांगीलालनं पाणी मारून ठेवलेलं असतं.

चाल आधी.
चार टापा, चारही सुट्या,
एक दुसरीच्या अंगावर न रेलणारी.
एकतीस वर्षं बँकेत नोटा मोजल्यात मी,
दोन नोटा चिकटून आल्या की
अंगठ्याला डोळ्यांआधी कळतं.

मग दुडकी.
तिरप्या जोडीचे पाय, एक, दोन, एक, दोन.
हिची दुडकी पुढे जायचीच नाही, वर जायची,
मान ताठ, पाठ पोकळ,
वरातीत पुढं जायला जागा असते कुठे?
तिला सांगायचं होतं, रस्ता मोकळा आहे गं.
हे घोडीला कसं सांगतात
ते कुठल्याच पासबुकात लिहिलेलं नसतं.
बोटं मिटायची, उघडायची.
पोटरीनं विचारायचं, आणि उत्तर आलं की
लगेच गप्प बसायचं.
हे गप्प बसणंच मला सहा महिने जमलं नाही.

डाव्या वळणावर ठोका घसरायचा.
एक, दोन नाही; एक, अं, दोन.
मी बँडला शिव्या घातल्या.
नालबंदाला दोनदा बोलावलं, तो म्हणाला खूर चांगलेत.
डॉक्टरनं सांधे दाबून पाहिले, पैसे घेतले.
शेवटी मांगीलाल, तोबऱ्यात हरभरे ओतता ओतता,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
बाई, घोडी कुठे लंगडते?
लंगडता तुम्ही.

अन्नपूर्णा रोड, ओली खडी, घसरलेली स्कूटर.
मांडीत पट्टी, डावा पाय पाव इंचानं तोकडा.
मी कधीच विसरले होते.
पाठीवर तो पाव इंच वाहणारी विसरली नव्हती.

त्या दिवशी लांब दोरीवर तिला एकटीलाच फिरवली.
पाठ रिकामी.
एक, दोन, एक, दोन,
घड्याळानं ऐकून लाजावं असं.
मी पालथ्या बादलीवर बसून राहिले,
दोरी हातात, मोजायला काही उरलं नाही.

त्यानंतर रिकीब डावीकडे एका भोकानं वर घेतली.
मग आठवड्यातले तीन दिवस रिकिबीच काढून टाकल्या.
मांड्या सोलवटल्या. भावजय म्हणाली, वय बघ.
वयच तर बघत होते,
कुठल्या बाजूला जास्त साचलंय ते.

आणि फाल्गुनात कधीतरी, कोपऱ्यातून बाहेर पडताना,
न मागता दिली तिनं ती तिसरी चाल.
तीन ठोके जमिनीवर.
चौथा जमिनीला ठाऊकच नाही,
तो आम्ही दोघींनी हवेत घालवला.

काल शेताच्या पलीकडच्या मंगल कार्यालयात
भर सकाळी बँड सुरू झाला.
तिचे कान गेले. मग पाठ गेली.
माझ्याखाली नऊ लग्नसराया एकदम जाग्या झाल्या,
आणि तीन पावलं ती नाचली, उंच, जागच्या जागी.
लगाम ओढता आला असता.
मी श्वास सोडला, आणि वजन डावीकडे
जितकं ठेवायचं तितकंच ठेवलं.
एक कान मागे आला, माझ्याकडे.
मग ट्रम्पेट तिकडेच राहिला आणि ती पुढे निघाली.

मांगीलाल म्हणाला, दोघीही नाचलात.
मी म्हटलं, लीद उचल.

पागेकडे परत चालत आलो,
तिच्या चार टापा, माझी दोन पावलं,
त्यातलं एक किंचित उशिरा.
ती त्याच्यासाठी थांबत नाही.
जागा मात्र सोडते.