काळे अष्टकोन

तोकोपिल्यात पाऊस पडत नाही.
मागे कोरडाठाक डोंगर, पुढे समुद्र,
मधे आमचं पत्र्याचं घर, आणि घरात फ्रिज,
जो माझ्या मुलाशी माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

मी मासळीच्या पिठाच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीला.
एलिसेओ नऊ वर्षांचा.
शाळेतून येतो, दप्तर न उतरवताच पाव तोडतो,
चावत नाही, गिळतो,
मागून कुणी ताट ओढून नेईल असा.
(त्याच्या बापाच्या घरी सात भावंडं. तिथे ताट खरंच ओढलं जायचं.)

पोटातले कावळे केव्हाच गप्प झालेले असतात.
तरी पाकिटात हात जातो,
साडेपाचचा हात, सातचा हात,
आणि माझी बस वळणावर दिसायच्या आधीचा
तो शेवटचा, घाईचा हात.

मीच शिकवलं: ताटात टाकायचं नाही.
संपवलंस तर आइस्क्रीम.
रडू नको, हे घे.

इथे पाकिटांवर काळे अष्टकोन छापतात,
साखर जास्त, मीठ जास्त, चरबी जास्त.
तो ते कात्रीने कापून वहीत चिकटवायचा,
पोरं फुटबॉलवाल्यांची चित्रं चिकटवतात तसे.
एकशे बारा झाले होते.
जोड आला की शेजारच्या दामियानशी बदलायचा.
मला कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग मंगळवारी शाळेत वजनं झाली.
नर्सबाईंनी आकडा हळूच सांगितला,
पण मागे रांग होती,
आणि रांगेला कान असतात.

रात्री आले तर फ्रिजचं दार उघडं, दिवा जळतोय,
एलिसेओ खुर्चीतच झोपलेला.
बनियनवर, बरोब्बर पोटावर,
डिंकाने चिकटवलेला एक अष्टकोन.
त्यावर एवढंच: जास्त.
पुढचा शब्द त्याने कापून टाकला होता.

आमच्या भाषेत त्याच शब्दाला
उंच असंही म्हणतात.
हे त्याला सांगावं का,
की ही पळवाट झाली?

मी दार लावलं. वाटाण्याएवढ्या आवाजात घेवडा गरम केला,
आणि त्याच्यासमोर बसून
एकेक घास बत्तीस वेळा चावून बघितला.
अकराच्या पुढे जमेना. घास आपोआप आत जायचा.

तो जागा झाला. हात आधी पोटावर गेला.
"काय खातेस?"
"बस," मी म्हटलं, "सांगते.
आधी तू सांग, रांगेत कोण काय म्हणालं."